अख्खी गोष्ट

मिरजेच्या डॉक्टरांनी रिपोर्ट आमच्या हातात दिला नाही. स्वतःजवळच धरून ठेवला आणि बोलायला लागले. गाठ स्वरयंत्रावरच आहे. ते काढावं लागेल. काढलं तर बाई जगतील, पण आवाज जाईल. मी विचारलं, बसेल म्हणता का, घोगरा होईल असं? ते म्हणाले, नाही, जाईल.

माझ्या बायकोनं, भागीरथीनं, काळा गॉगल काढला नव्हता, त्यामुळं ती कुठं बघतेय ते कळत नव्हतं. तिनं विचारलं, "जेवता येईल ना?"

"येईल. हळूहळू."

"आणि भांडता?"

डॉक्टर हसले नाहीत. ती माझ्याकडं वळली. "घ्या. तुमची चांदी झाली."

डॉक्टरांना हसू फुटलं. मग आपण हसलो याची त्यांना लाज वाटली आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर व्हरांड्यात आल्यावर ती मला म्हणाली, "बघितलं? पहिल्या विनोदाला हसला नव्हता."

तिचं कामच तसं होतं. ज्यांनी तिला ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सोलापुरात, तिकडं लातूर-विजापूरपर्यंत, त्या काळात भागीरथी फुलारी हे नाव कॉलेजच्या पोरांपासून ट्रक ड्रायव्हरांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. ती गोष्टी सांगायची. गोष्टी जुन्याच, पुराणातल्या, पण तिच्या तोंडून त्या गिरणीच्या गेटवर घडलेल्या वाटायच्या. तिचा कुंभकर्ण रात्रपाळीवाला होता. तिची द्रौपदी रॉकेलच्या रांगेत उभी राहून पाचही नवऱ्यांच्या नावानं शंख करायची. मराठीत सुरू झालेलं वाक्य कानडीतून फिरून तेलुगूत संपायचं, तरी सगळ्यांना कळायचं. बोलताना ती अंगठीनं माइकच्या दांड्यावर ठेका धरायची. इरकल साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि तो गॉगल. गॉगल तिनं स्टेजच्या दिव्यांनी डोकं दुखायचं म्हणून घेतला होता. पण एका वर्षात कॉलेजच्या निम्म्या मुली तसला गॉगल घालून फिरायला लागल्या.

माझं लाउडस्पीकरचं दुकान. फुलारी साउंड. आमची ओळख झाली ती ती भांडायला आली म्हणून. गणपतीत मंडळाच्या मांडवात मी कर्णे लावले होते आणि तिची आई आजारी होती. ती तेव्हा गिरणीत रिळं भरायच्या खात्यात होती, पाळी संपवून थेट मांडवात आली आणि मला काय काय बोलली. त्या दिवशी बाहेरगावचे वक्ते आले नव्हते, लोक ताटकळले होते आणि माझा माइक चालू राहिला होता. तिचं सगळं भांडण गल्लीभर ऐकू गेलं. लोक हसून हसून बाकांवरून पडायचे बाकी राहिले. तिच्या ते लक्षात आलं, ती थांबली, माइककडं बघितलं आणि माझ्याऐवजी त्या न आलेल्या वक्त्यांवर बोलायला लागली. घरी आई झोपली नव्हतीच. ती खिडकीत बसून ऐकत होती.

पुढं आमचं लग्न झालं. ती बोलायची आणि मी ॲम्प्लिफायरवर बसायचो.

तिची एक पद्धत होती. उभी राहिली की लोकांवरून नजर फिरवायची आणि न हसणारा एक माणूस निवडायची. त्याला ती गिऱ्हाईक म्हणायची. सगळा मांडव हसू दे, तिचं लक्ष त्या एकावर. तो हसेपर्यंत ती गोष्ट लांबवत न्यायची, वाटा बदलायची, नवीन माणसं आणायची. तो हसला की तिला शेवट सापडायचा. त्यामुळं तिची कुठलीही गोष्ट दोनदा सारखी झाली नाही. एकदा अक्कलकोट रोडला एका फौजदारानं तिला पहाटेपर्यंत दमवलं होतं.

कॅसेट काढायला ती तयार नसायची. कंपनीवाले पुण्याहून येऊन गेले. ती म्हणायची, काचेच्या खोलीत बसून भिंतीला काय सांगू? पण लोक टेपरेकॉर्डर घेऊन यायचे, मांडीखाली लपवून भरून घ्यायचे. त्या कॅसेटींच्या कॅसेटी, त्यांच्या पुन्हा कॅसेटी एसटी स्टँडवर मिळायच्या. आवाज विहिरीतून आल्यासारखा. कुठं मध्येच बाळ रडतंय, कुठं कुणी टेपवर बसलंय, आणि सगळ्या अर्ध्यावर संपलेल्या, कारण रीळ संपायचं पण हिचं बोलणं संपायचं नाही. हॉटेलात तसली कॅसेट लागली की ती चहा टाकून उठायची.

त्या दिवशी मिरजेहून परत येताना एसटीत तिनं पहिल्यांदा स्वतःहून विषय काढला. ऑपरेशनची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळाली होती. डॉक्टरांनी फार बोलू नका म्हणून सांगितलं होतं. पंढरपूर मागं पडलं तेव्हा ती म्हणाली, "एक गोष्ट भरून घ्या."

मी म्हटलं घेऊ.

"अख्खी. सुरुवातीपासून शेवटापर्यंत. जगात माझी एक तरी गोष्ट अख्खी राहू दे. बाकीच्या सगळ्या लंगड्या आहेत."

मी हो म्हटलं. ती खिडकीकडं तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी आमच्या शेजारच्या नरसम्मानं सगळी तयारी केली. नरसम्मा विड्या वळायची, तोंडानं फटकळ, आणि भागीरथीवर तिचा भारी जीव. गोष्ट भरून घ्यायची तर ऐकायला माणसं पाहिजेत हे तिला कळत होतं. तिनं घरोघर जाऊन बोलावणं केलं. संध्याकाळी आमच्या चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. माझी नवी मशीन, चांगला माइक, कोरी कॅसेट. गिरणीतल्या जुन्या बायका, मंडळाची पोरं, आमचे दोन्हीकडचे नातेवाईक.

चूक तिथंच झाली. बोलावताना नरसम्मानं प्रत्येकाला कारणही सांगितलं होतं.

भागीरथीनं नमस्कार म्हटलं आणि समोरच्या तिघींनी पदर डोळ्याला लावला. तिनं पहिला विनोद केला, लोक जिवाच्या आकांतानं हसले. दुसरा तिनं केलाच नव्हता, नुसतं खाकरली, तरी हसले. कोपऱ्यात एकजण हसला नाही तर नरसम्मानं त्याला ढोसलं. मग तोही हसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी मशीनवरचा आवाजाचा काटा बघत होतो. हसण्याला काटा उडत होता, पण ते हसणं तिच्या सभेतलं नव्हतं.

तिनं अंगठीचा ठेका थांबवला.

"इथं गिऱ्हाईक नाही," ती म्हणाली. "तुम्ही माझ्यासाठी हसताय. मला स्वतःसाठी हसणारी माणसं लागतात. आता रडून घ्या आणि चहा पिऊन जा. नरसम्मा, साखर जास्त घाल, सगळ्यांचे चेहरे उतरलेत."

मी मशीन बंद केली. नरसम्मा आत येऊन चुलीपाशी बसली आणि म्हणाली, माझंच तोंड जळो. भागीरथीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मला विचारलं, आपल्याला कुणी ओळखत नाही, आणि जिथं माणसं आधीच वैतागलेली आहेत, असं ठिकाण कुठं मिळेल?

मला रसूल आठवला. रसूल इनामदार बार्शीला एका थिएटरात ऑपरेटर होता. तिथल्या साउंडचं काम माझ्याकडं असायचं. त्यांचा जनरेटर बिघडलेला होता, आणि तेव्हा भारनियमन चालू होतं. रोज दुपारी ऐन पिक्चरमध्ये लाइट जायची. लोक अंधारात बसून शिट्ट्या मारायचे, खुर्च्या वाजवायचे, रसूलच्या आईबहिणीचा उद्धार व्हायचा. मी हे सांगितल्यावर भागीरथीचा चेहरा बऱ्याच दिवसांनी खुलला. ती म्हणाली, तिथं पंखेही बंद असतील ना? मी म्हटलं, असतील, म्हणजे आवाज एकदम स्वच्छ येईल. हे माझ्या आधी तिला सुचलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही टेम्पोनं बार्शीला गेलो. ट्रकची बॅटरी, छोटा ॲम्प्लिफायर, मशीन, माइक. रसूलला मी सगळं सांगितलं नाही. बाई गोष्ट सांगणार आहेत, लोक शांत बसतील, एवढंच. तो म्हणाला, मल्लिनाथभाऊ, शांत बसले तर मी दर्ग्यावर चादर चढवीन. भागीरथीनं गॉगल पर्समध्ये टाकला, बूट काढून चपला घातल्या, म्हणजे कुणी ओळखायला नको. कुणी ओळखलंही नाही. बाजाराचा दिवस होता, बहुतेक खेड्यावरची माणसं.

पिक्चरमध्ये हाणामारी चालू होती आणि लाइट गेली. एकदम बोंब उठली. डोअरकीपरनं बाजूचे दरवाजे उघडले, तेवढा उजेड आत आला. मी पडद्यापुढच्या ओट्यावर माइक उभा केला आणि पहिल्या रांगेच्या पुढं जमिनीवर मशीन घेऊन बसलो, तिच्याकडं तोंड करून, लोकांकडं पाठ. कुणीतरी ओरडलं, आता लग्नातला आहेर पुकारणार काय.

ती माइकपाशी गेली. म्हणाली, "पुकारते. आणलाय का?"

एक हसण्याची लकेर उठली. तिनं अंगठीनं दांड्यावर ठेका धरला. माझा काटा पहिल्यांदा नीट हलला.

"ऐका. लाइट येईपर्यंत यमाची गोष्ट सांगते. सावित्री मेली."

मागून कुणी म्हणालं, "सत्यवान मेला, बाई."

"सत्यवान ठणठणीत आहे. सकाळी दोन भाकरी खाऊन बसलाय. मेली ती सावित्री. पुराणवाल्यांनी नंतर नावं बदलली. लिहिणारे सगळे नवरेच होते."

बायकांच्या बाजूनं जे हसू आलं त्यानं काटा लाल रेघेच्या पार गेला. मी आवाज थोडा कमी केला. ही गोष्ट तिनं आधी कितीतरी वेळा सांगितली होती, पण नेहमी सावित्री यमाशी भांडायची. असं उलटं मी कधी ऐकलं नव्हतं.

ती सांगत गेली. यमानं रेडा दारात बांधला, सावित्रीला उचललं आणि निघाला. वेशीपर्यंत गेला, मागं वळून बघतो तर नवरा. खांद्यावर वायरचं भेंडोळं, हातात पक्कड. यम म्हणाला, काय रे? नवरा गप्प. यम पुढं गेला, नवरा मागं. यम म्हणाला, हे बघ, इथं बायका येतात, रडतात, श्लोक म्हणतात, मी नाही म्हणतो. माझं सगळं पाठ आहे. पण तू काही मागतच नाहीस तर मी नाही कसं म्हणू?

थिएटरात हशा पिकला. कुणीतरी खुर्चीवर हात आपटत होतं. पक्कडवाला माणूस कोण हे मला कळलं होतं. मी मान खाली घालून काटा बघत राहिलो.

मग यमच घाबरला. आपणहून द्यायला लागला. सासऱ्याला डोळे दिले, जा. नवरा मागंच. राज्य दिलं, जा. मागंच. एक म्हैस दिली, गाभण आहे, जा. शेवटी रेड्यानं मान वळवून बघितलं आणि म्हणाला, देऊन टाका ना मालक, मला पण घरी जायचंय.

मी तिच्या सभा इतकी वर्षं ऐकल्या, पण तसं हसणं मी पुन्हा ऐकलं नाही. आधी चिडलेली, घामेजलेली माणसं, अंधारात, आपल्याला कुणी बघत नाही अशी हसत होती. रसूल वरच्या खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. तिचा आवाज मध्येच फाटत होता, पण ती तो फाटलेला आवाज यमाला देऊन टाकायची, जणू यमाचाच घसा बसलाय. हे तिनं उभ्या उभ्या शोधून काढलं. तसलं काम मी कुणाला करताना बघितलेलं नाही.

पण शेवट येत नव्हता. मला तिची पद्धत माहीत. तिची नजर सारखी माझ्या बाजूला येत होती, म्हणजे माझ्या मागं पहिल्या रांगेत गिऱ्हाईक असणार, आणि ते अजून हसलेलं नसणार. मी मनात म्हणत होतो, हस रे बाबा. मी कॅसेट उलटली. मागं वळून बघायचं धाडस झालं नाही, वळलो तर तिची एकाग्रता जाईल असं वाटलं.

ती आणखी पुढं गेली. यम नरकाच्या दारात पोचला. दार उघडलं. आत जाणार तेवढ्यात थांबला, सावित्रीला खाली ठेवलं आणि नवऱ्यासमोर येऊन उभा राहिला.

"यम म्हणाला, बाबा रे, मी हरलो. तोंड उघड. एक वाक्य बोल. काय पाहिजे ते सांग आणि घेऊन जा. आणि नवऱ्यानं तोंड उघडलं. आणि तो म्हणाला..."

तिनं ठेका थांबवला. थिएटर गप्प झालं. ती माझ्या बाजूला बघत उभी राहिली. कॅसेटवर ती शांतता आहे. बाहेर टांग्याची घंटा वाजलेली ऐकू येते, कुणीतरी लांब शेंगा फोडतंय तेही ऐकू येतं.

आणि लाइट आली. पंखे घरघरले, पडद्यावर हाणामारी पुन्हा सुरू झाली. लोकांनी गलका केला, पिक्चर बंद करा, बाईंना बोलू द्या. रसूलनं खरोखरच प्रोजेक्टर थांबवला. मालकाचा माणूस धावत वर गेला, तरी रसूलनं ऐकलं नाही. लोक ओरडत होते, काय म्हणाला? काय म्हणाला, बाई?

भागीरथीनं पुन्हा एकदा माझ्या बाजूला बघितलं. मग हात जोडले. म्हणाली, "तुमचा पिक्चर आला. बसा."

एवढंच. आणि ओट्यावरून उतरली.

परतीच्या वाटेवर आम्ही वैरागच्या अलीकडं एका हॉटेलात थांबलो. तिला दुधात भिजवून बन खायला दिला, गिळताना त्रास होत होता. आवाज निम्मा गेला होता, जवळ वाकून ऐकावं लागत होतं. मी म्हटलं, फार कठीण गिऱ्हाईक होतं. कोण होतं ते? म्हातारा होता की बाई?

ती म्हणाली, "तुमच्या मागं कुणी नव्हतं. पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्च्या मोडक्या होत्या."

मला काही कळेना. "मग तू बघत कुणाकडं होतीस?"

"तुमच्याकडं."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"सगळं थिएटर हसत होतं," ती म्हणाली. "तुम्ही असं तोंड करून काटा बघत होता." तिनं तोंड करून दाखवलं. हॉटेलचा मालक हसला, मला मात्र जमलं नाही.

मी म्हटलं, मशीन टेम्पोत आहे. आता सांग, शेवट भरून घेतो. मी हसतो. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. "सांगून हसलेलं चालत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"पण तो काय म्हणाला ते तरी सांग. मला एकट्याला."

"मला कुठं माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही हसला असता तर सुचलं असतं."

हे ती रागानं म्हणाली नाही. बन संपवला, पर्समधून गॉगल काढून घातला आणि हॉटेलवाल्याला खुणेनंच विचारलं, किती झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा आवाज फुटला नाही. ऑपरेशनपर्यंत तो आलाच नाही. म्हणजे बार्शीची कॅसेट हे तिचं भरून घेतलेलं शेवटचं बोलणं.

त्यानंतर ती बरीच वर्षं जगली आणि चांगली जगली. हातवाऱ्यांनी नरसम्माशी भांडायची आणि जिंकायची. भाजीवालीला नुसत्या भुवईनं हसवायची. घरात बोलायचं काम माझ्याकडं आलं, ते मला फारसं जमलं नाही. पुण्याचे कंपनीवाले पुन्हा आले. बार्शीची कॅसेट त्यांनी ऐकली, दोघेही पोट धरून हसले आणि शेवटाला येऊन थांबले. म्हणाले, असा तुटका माल विकता येत नाही, पण आमच्याकडं एक नावाजलेल्या बाई आहेत, त्या हुबेहूब असा आवाज काढतात, एवढं एक वाक्य त्यांच्याकडून भरून घेऊ, कुणाला कळणार नाही. मी भागीरथीकडं बघितलं. तिनं त्यांना चहा दिला आणि बोट माझ्याकडं केलं. म्हणजे, यांना विचारा. मी नको म्हटलं.

दोन वर्षांपूर्वी ती गेली, झोपेतच. कॉलेजची मुलं अजून येतात. त्यांनी तिला बघितलेलंही नाही. एसटी स्टँडवरच्या जुन्या कॅसेटींवरून ऐकलेलं असतं. मी त्यांना बार्शीची ऐकवतो. ती हसतात, नेमकी तिथंच हसतात जिथं बार्शीची माणसं हसली होती, आणि ते बघायला मला बरं वाटतं. शेवटी शांतता येते, टांग्याची घंटा वाजते, आणि मुलं विचारतात, आजोबा, तो काय म्हणाला?

मी सांगतो की ते भरून घ्यायचं राहिलं. मुलं गेल्यावर कधी कधी मी एकटा मशीनसमोर बसतो, माइक लावतो, बटण दाबतो. तिचं वाक्य संपतं, काटा खाली येतो आणि माझी पाळी येते. यमाला काय सांगायचं ते मला अजून सांगता आलेलं नाही.